रापणीचा वाटा

रापणीला दोन दोर असतात. एक किनाऱ्याच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि मधे समुद्रात अर्धवर्तुळ करून पडलेलं जवळजवळ किलोमीटरभर लांबीचं जाळं. माझ्या लहानपणी हे दोर काथ्याचे असत. भिजले की जड व्हायचे आणि तळहात सोलून काढायचे. पहिल्यांदा दोराला हात लावला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझं सगळं लक्ष पाण्याकडे, मासे कधी दिसतात याकडे. आजोबा माझ्या मागेच उभे होते. ते म्हणाले, "दर्याकडे बघू नको गो. थंयच्या माणसांकडे बघ."

थंयची माणसं म्हणजे दुसऱ्या दोरावरची माणसं. दोन-तीनशे पावलांवर, उन्हात काळ्या ठिपक्यांसारखी दिसणारी. आजोबांच्या बोलण्यातली मेख मला त्या दिवशी कळली नाही. रापण दोन्हीकडून सारख्याच वेगाने ओढावी लागते. एका बाजूने घाई केली की जाळं तिरकं होतं, तळाची वजनं लावलेली दोरी वाळूवरून उचलली जाते, आणि बांगड्याला निसटायला हातभर फट पुरते. एका फटीतून पहिला मासा गेला की सगळा थवा त्याच्या मागे जातो. म्हणजे या दोरावरच्या तीस माणसांनी कितीही जोर लावला, तरी त्यांचं यश त्या दोरावरच्या तीस माणसांच्या हातात. आणि त्यांचं यांच्या.

पुढे ठाण्याच्या एका कारखान्यात, कार्मिक विभागात मी सदतीस वर्षं काम केलं. माणसांनी एकत्र काम कसं करावं, त्यांचा संघ कसा घडवावा, हा माझ्या नोकरीचाच विषय होता. त्यावर मी शिबिरं घेतली, पुस्तकं वाचली. आज निवृत्तीनंतर मागे वळून पाहते, तेव्हा या विषयातलं जे टिकाऊ आहे ते मला त्या वाळूवरच पहिल्यांदा दिसलं होतं, असं मनापासून वाटतं. म्हणून रापणीची हकिगत लिहून ठेवते आहे.

आमची वाडी देवबागच्या पट्टीवरची. मालवणहून दक्षिणेला निघालं की तारकर्ली लागते, आणि तिच्या पुढे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माडांची चिंचोळी वाळू. वस्ती बहुतेक गाबीत समाजाची. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की जाळी बाहेर निघत, आणि समुद्र शांत झाला की रापणीला सुरुवात होई. ही रीत आमच्यापुरती नव्हती. रत्नागिरीपासून खाली गोव्यापर्यंत आणि पुढे कारवारपर्यंत ती पसरलेली होती. गोव्यात रापण ओढणाऱ्यांना रापणकार म्हणत, कारवारकडे जाळ्याला रंपणी म्हणत. नाव थोडं बदलायचं, कृती तीच.

आमच्या रापणीचं जाळं एका माणसाचं नव्हतं. तसं ते काही ठिकाणी होतंही. एखाद्या सावकाराची किंवा जमीनदाराची रापण असे, आणि ओढणारे त्याचे मजूर. पण आमची रापण साठेक घरांची होती. प्रत्येक घराने आपला तुकडा द्यायचा, सगळ्यांचा एकाच मापाचा. माप वावात घेत. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंतची लांबी. हे तुकडे हंगामाच्या सुरुवातीला वाळूवर अंथरून एकमेकांना जोडत. ज्या मधल्या भागावर मासळीचा सगळा भार येतो, तो घट्ट विणीचा भाग सर्वांच्या वर्गणीतून होई. पावसाळ्याचे महिने घरोघरी जाळी तुणण्याचे. बांबूची सुई, दिव्याचा उजेड, बाहेर पाऊस, आणि बाबांच्या मांडीवर जाळ्याचा ढीग. जाळी तेव्हा सुती होती. सूत खाऱ्या पाण्यात कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात ती उकळून बुडवत. तो काढा तांबूस काळा असे आणि त्याचा तुरट वास दोन दिवस वाडीभर राही. मी शाळेत होते तेव्हाच नायलॉन आलं. नायलॉनला काढा लागत नाही आणि ते कुजत नाही, त्यामुळे काही वर्षांत वाडीतली काढ्याची मोठी भांडी अडगळीत गेली.

जोडलेलं जाळं वाळूवर पसरलेलं असताना आम्हा मुलांचा एक खेळ होता, आपल्या घरचा तुकडा ओळखण्याचा. प्रत्येकाची गाठ वेगळी, तुणण्याची हातोटी वेगळी. बाबांच्या गाठी लहान आणि घट्ट असत. मी त्या डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखत असे. पण जाळं एकदा होडीत चढलं की कुठला तुकडा कुणाचा याला अर्थ उरत नसे. एका घराचा तुकडा विरलेला असला तर साठही घरांची मासळी त्यातून जाणार. म्हणून हंगामाआधी तांडेल प्रत्येक तुकड्यावरून हात फिरवत जाई आणि कच्चा तुकडा परत करी. त्यात कुणाला अपमान वाटत नसे.

तांडेल म्हणजे रापणीचा पुढारी. त्याचं पहिलं काम बघण्याचं. पहाटेपासून तो वाळूच्या उंचवट्यावर उभा राही. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा किनाऱ्याकडे सरकला की पाण्याचा रंग बदलतो. एक गडद डाग हलताना दिसतो, आणि त्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखी थरथर उठते. वर पक्षी घिरट्या घालू लागतात. तांडेल हात वर करी, आणि वाडीत हाक जाई. "पाण्याक रंग इलो!" मग पुरुष जेवणावरून उठून येत, मुलं शाळेच्या वाटेवरून वळत, बायका पाट्या घेऊन निघत. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी पाण्यात जाई, थव्याला वळसा घालत जाळं सोडत जाई, आणि दुसऱ्या दोराचं टोक घेऊन दूरवर किनाऱ्याला लागे. तिथपासून पुढचे दोन-तीन तास सगळ्यांचे.

ओढताना दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींच्या जवळ सरकत. सुरुवातीला दिसायचे ते ठिपके, मग आकृत्या, मग चेहरे, आणि शेवटी खांद्याला खांदा. मधे कधीतरी तांडेलाचा हात खाली येई. त्याचा अर्थ, तुमची बाजू पुढे गेली आहे, थांबा. ताकद असलेल्यांनी थांबायचं आणि दुसऱ्या बाजूची वाट बघायची. हे थांबणं मला ओढण्यापेक्षा अवघड वाटे. दोर हातात ताणलेला, पायाखालून वाळू सरकते आहे, आणि तरीही ओढायचं नाही. बळ कुठे लावायचं हे सगळेच शिकतात. ते कधी आवरायचं, हे रापण शिकवी.

पण रापणीचं खरं मर्म ओढण्यात नव्हतं. ते नंतर होतं, वाटे घालताना.

मासळी वाळूवर आली की आधी व्यापाऱ्याशी भाव ठरे. मोठा भाग विकला जाई आणि त्याच्या पैशाचा हिशेब ठरलेल्या दिवशी होई. पण थोडी मासळी तिथेच वाटली जाई, आणि ते वाटप सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होई. हिशेबात दोन प्रकारचे वाटे होते, एक जाळ्याचा आणि एक हाताचा. ज्याचा तुकडा त्याला जाळ्याचा वाटा. जो दोराला उभा राहिला त्याला हाताचा. होडीचा वाटा वेगळा. तांडेलाला थोडा अधिक, कारण चूक झाली तर ती त्याच्या माथ्यावर येई. देवळासाठी एक पाटी बाजूला निघे. आणि दोराला ज्याने हात लावला असेल, मग तो वाटसरू असो, पाहुणा असो की शाळेतलं पोर, त्याला चार मासे मिळाल्याशिवाय तो किनाऱ्यावरून जात नसे. मला पहिल्या दिवशी तीन बांगडे मिळाले. फ्रॉकच्या घोळात घेऊन मी ते घरी आणले. आईने त्यांना स्वतंत्र तिखट लावलं आणि जेवताना सगळ्यांना सांगितलं, हे तिच्या वाट्याचे.

१९६९ साली, बांगड्याच्या ऐन हंगामात, बाबा गेले. दोन दिवसांचा ताप आला आणि सगळं संपलं. मी अकरा वर्षांची, भाऊ आठ वर्षांचा. आजोबा त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते. घरात दोराला उभा राहील असा हात नव्हता. तेराव्यानंतर तांडेल दारात आले. ते ओसरीवरच बसले आणि आईला म्हणाले, "वयनी, तुकडो काढू नको. तो जाळ्यातच रवांदे." मग त्यांनी रापणीने काय ठरवलं ते सांगितलं. होळीपर्यंत जाळ्याचा आणि हाताचा, दोन्ही वाटे आमच्या घरी येतील. त्यानंतर मुलगा दोराला उभा राहण्याजोगा होईपर्यंत जाळ्याचा वाटा चालू राहील. तुकडा चांगला ठेवण्याची जबाबदारी मात्र आईची.

या शब्दांत दान नव्हतं. तांडेलांनी आईकडून काम मागितलं, आणि तिने ते मान्य केलं. त्या पावसाळ्यात आई बाबांच्या जागी बसून जाळं तुणू लागली. तिच्या गाठी सैल पडत. शेजारचे काका येऊन उलगडून दाखवत. पुढच्या हंगामात तांडेलांनी तुकड्यावरून हात फिरवला आणि काही न बोलता पुढे गेले. आईच्या डोळ्यांत त्या वेळी जे आलं, ते मला आजही दिसतं. भाऊ चौदाव्या वर्षी दोराला उभा राहिला. तोवर सहा वर्षं आमच्या चुलीवरचा भात त्या तुकड्यावर शिजला.

रापणीत सगळं चांगलंच होतं असं मी म्हणणार नाही. हिशेबाच्या बैठकीत बायकांना जागा नव्हती. आईचा तुकडा जाळ्यात होता, पण तिच्या वतीने बोलायचे ते काका. पाट्या डोक्यावर घेऊन पाच-सहा मैल बाजार गाठणाऱ्या, उरलेले बांगडे मीठ लावून पावसाळ्यासाठी ठेवणाऱ्या बायकांच्या श्रमाला वेगळा वाटा नव्हता. हे मला तेव्हाही खुपलं आणि आजही खुपतं. तरीही, एक माणूस गेला म्हणून त्याचं घर ज्या कामातून गळत नाही, ते काम मी त्याच वाळूवर पाहिलं.

१९७९ साली मी ठाण्याच्या कारखान्यात लागले. पुढच्या काळात कार्मिक विभागाच्या कामाचं स्वरूप बदलत गेलं. नव्वदच्या दशकात शिबिरांची पद्धत आली. माणसांना दोन दिवस बाहेर न्यायचं, एकत्र जेवायचं, खेळ खेळायचे, एकमेकांवर विश्वास टाकायला शिकवायचं. मी ही शिबिरं मनापासून घेतली, आणि त्यांचा उपयोगही पाहिला. एका शेडमध्ये बारा वर्षं काम करूनही एकमेकांचं गाव माहीत नसलेले फिटर आणि अभियंता एका शेकोटीशी बसून बोलू लागले, हे लहान नव्हे. एका शिबिरात रस्सीखेच ठेवली होती आणि मी पंच होते. शिट्टी वाजवली आणि दोन्ही बाजू मागे झुकल्या. तो ताणलेला दोर बघताना मला देवबागची वाळू आठवली. या खेळात एका बाजूने हरल्याशिवाय दुसरी जिंकत नाही. रापणीत एक बाजू हरली की दुसरीही हरते. दोर सारखा, माणसं तेवढीच, पण दोराच्या मधे काय बांधलं आहे यावर सगळं ठरतं. त्या दिवसापासून मी या विषयाचा इतिहास वाचायला घेतला.

अशा मैदानी शिबिरांचा एक उगम समुद्रातच आहे. १९४१ साली, युद्धाच्या काळात, वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही या किनाऱ्यावरच्या गावी कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाने जहाजकंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांच्या मदतीने आउटवर्ड बाउंड ही शाळा सुरू केली. पाणतीरांनी बुडवलेल्या व्यापारी जहाजांवरचे तरुण खलाशी लाइफबोटीत हिंमत सोडतात आणि वयाने मोठे खलाशी तग धरतात, असं होल्ट यांचं निरीक्षण होतं. तरुणांना महिनाभर समुद्रात आणि डोंगरात ठेवून, एकमेकांच्या आधाराने टिकायला शिकवावं, हा त्या शाळेचा हेतू. पुढे जगभर पसरलेल्या साहसी शिबिरांच्या मुळाशी हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

दुसरी हकिगत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याची. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात जे प्रयोग झाले, त्यांचा उल्लेख व्यवस्थापनाच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. टेलिफोनचे रिले जुळवणाऱ्या मोजक्या मुलींना १९२७ मध्ये वेगळ्या खोलीत बसवलं, विश्रांतीच्या वेळा बदलून पाहिल्या, आणि उत्पादन वाढत गेलं. एल्टन मेयो यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याचं श्रेय मुलींमध्ये तयार झालेल्या जिव्हाळ्याला आणि त्यांच्याकडे दिल्या गेलेल्या लक्षाला दिलं. ते खरंही असेल. पण त्या प्रयोगात आणखी एक बदल झाला होता, जो पुष्कळदा सांगायचा राहून जातो. आधी या मुलींची कमाई सुमारे शंभर जणींच्या मोठ्या विभागाच्या उत्पादनाशी बांधलेली होती. प्रयोगाच्या खोलीत ती त्यांच्या छोट्या गटाच्या कामाशी बांधली गेली. शेजारणीचा हात चालला की आपल्याही पदरात पडतं, हे आता त्यांना समोर दिसत होतं. हे वाचलं तेव्हा मला आमचे वाळूवरचे वाटे आठवले.

तिसरी हकिगत मी सर्वांत जास्त वेळा वाचली. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये इंग्लंडमधल्या कोळसा खाणींवर एक शोधनिबंध लिहिला. बॅमफोर्थ स्वतः पूर्वी खाणकामगार होते, म्हणून त्यात खाणीचा श्वास आहे. जुन्या पद्धतीत दोन-तीन खाणकामगारांचा गट असे. ते एकमेकांना स्वतः निवडत, कोळसा तोडण्यापासून भरण्यापर्यंतचं सगळं काम मिळून करत, आणि मजुरी एकत्र घेत. मग यंत्रं आली. कोळशाच्या लांबलचक भिंतीवर साधारण चाळीस माणसं तीन पाळ्यांत वाटली गेली. एका पाळीने तोडायचं, दुसरीने कोळसा वाहणारा पट्टा पुढे सरकवायचा, तिसरीने भरायचं, आणि प्रत्येकाचा दर वेगळा. पाळ्या एकमेकींना भेटेनात. आधीच्या पाळीने अर्धवट ठेवलेलं काम पुढच्या पाळीच्या अंगावर येऊ लागलं. चांगली यंत्रं येऊनही गैरहजेरी आणि कुरबुर वाढली. या निबंधात एक साधी नोंद आहे. जुन्या पद्धतीत गटातला एखादा जखमी झाला किंवा मेला, तर त्याच्या घराची काळजी त्याचा साथीदार घेत असे. ते वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खिडकीशी उभी राहिले. इंग्लंडमधल्या काळोख्या खाणीत आणि देवबागच्या उन्हात माणसांनी एकमेकांशी एकच करार केला होता.

कारखान्यात माझ्या हातात जेवढं होतं तेवढं मी केलं. एका जुळणीच्या विभागात व्यक्तिगत बक्षिसाऐवजी गटाचं बक्षीस ठेवावं, आजारी माणसाचा वाटा ठरावीक काळ चालू राहावा, आणि त्याचे नियम गटानेच लिहावेत, असा प्रस्ताव मी मांडला. बरीच चर्चा होऊन तो मान्य झाला. नियम लिहायला बसलेल्या त्या चौदा माणसांनी सर्वांत जास्त वेळ कशाला दिला असेल, तर मुद्दाम कमी काम करणाऱ्याचं काय करायचं आणि खरोखर अडचणीत असलेल्याचं काय करायचं, या दोन प्रश्नांना. दोन्ही एकाच बैठकीत ठरले. त्यानंतर नव्या मुलाला काम शिकवायला कुणाला सांगावं लागलं नाही. तो शिकला नाही तर नुकसान सगळ्यांचंच होतं.

इकडे गावी मात्र रापणीचे दिवस फिरले होते. रापण किनाऱ्याला बांधलेली असते, ती माशाच्या मागे जाऊ शकत नाही. मासा किनाऱ्याकडे येईल या विश्वासावर ती उभी. १९५३ मध्ये आजच्या केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला आणि देशात यांत्रिक मासेमारीला वेग आला. कोळंबीला परदेशात भाव मिळू लागला. ट्रॉलर किनाऱ्याजवळचा तळ खरवडू लागले. गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले. पेशाने शिक्षक असलेले माथानी साल्ढाणा त्यांच्या लढ्यात पुढे होते. ट्रॉलर किनाऱ्यापासून दूर ठेवा, एवढीच त्यांची मागणी. त्या लढ्यामुळे गोव्यात १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला, आणि पाठोपाठ महाराष्ट्रात १९८१ चा. रापणकार लढू शकले याचं एक कारण मला असं दिसतं की, त्यांना एकजूट शून्यातून घडवावी लागली नाही. ती दोराच्या दोन्ही बाजूंना पिढ्यान् पिढ्या उभीच होती.

ट्रॉलरपेक्षा मोठा घाव पर्ससीनने घातला. थव्याला भर समुद्रात वेढून खालून गळा आवळणारं हे जाळं कर्नाटकात सत्तरच्या दशकाच्या मध्यास आलं, आणि कारवारपासून खालच्या किनाऱ्यावरच्या रंपणी काही वर्षांत ओसरल्या. ज्या कारवारात शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं रंपणीच्या मासळीवरून बांगड्याचा अभ्यास केला होता, तिथेही. आमच्याकडे हे संकट जरा उशिरा आलं. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर महाराष्ट्र सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर मर्यादा घातल्या. पण आदेश आणि अंमलबजावणी यांच्यामधे पुष्कळ समुद्र आहे, आणि मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांचा लढा आजही संपलेला नाही. मोठ्या बोटींवर आता नेपाळ, ओडिशा, झारखंडहून आलेली मुलं राबतात. ती कष्टाळू आहेत, जिवावर उदार होऊन समुद्रात जातात. त्यांच्यातला एखादा गेला तर त्याच्या घरी वाटा कोण पोचवत असेल, हा विचार मला छळतो.

आमची साठ घरांची रापण आता वीस-बावीस घरांवर आली आहे. भाऊ अजून तिच्यात आहे. गेल्या थंडीत मी गावी गेले होते, तेव्हा सकाळी हाक आली आणि माझे पाय आपोआप वाळूकडे वळले. दोराला माणसं कमी होती. तारकर्लीला उतरलेले पर्यटक फिरत फिरत आले होते. त्यांतले काही उत्साहाने पुढे झाले. माझ्या पुढे विशीतली एक मुलगी उभी राहिली. पुण्याच्या कुठल्याशा कार्यालयातून वीस-पंचवीस जणांचा गट सहलीला आला होता, त्यातली ती. दोर आता नायलॉनचा आहे, काथ्यासारखा सोलत नाही, तरी तिचे तळवे लगेच लाल झाले. ती मान वर करून पाण्याकडे बघत होती. तिचे सहकारी दुसऱ्या दोराला होते.

मी तिला म्हटलं, "समुद्राकडे नको बघूस. तुझी माणसं तिकडे आहेत ना, त्यांच्याकडे बघ. त्यांच्याबरोबर पाय टाक."

तिने मान वळवली. काही पावलं चुकली, मग तिचा पाय त्यांच्या पायाशी जुळला. तांडेलाचा हात खाली आला तशी ती थांबली, आणि का थांबलो हे तिने विचारलं नाही. तासाभराने दोन्ही रांगा जवळ आल्या. जाळ्यात फार काही नव्हतं. थोडे बांगडे, थोडे पेडवे, दोन मोठ्या कोळंब्या. व्यापाऱ्याला देण्याजोगं नव्हतंच. भावाने वाळूवर बसून वाटे घातले. पर्यटकांची रांग जायला निघाली, तेव्हा त्याने त्या मुलीला हाक मारली आणि तिच्या ओंजळीत दोन बांगडे ठेवले.

"किती द्यायचे?" तिने पिशवीत हात घालत विचारलं.

भाऊ म्हणाला, "पैशे कित्याक? दोराक हात लावलंस मा? ह्यो तुझो वाटो."

ती ओंजळ तशीच धरून उभी राहिली. तिच्यामागे जाळं वाळूवर सुकत पडलं होतं. मी खाली वाकून त्यात आमचा तुकडा शोधला. भावाच्या गाठी आईच्यासारख्या, थोड्या सैल आहेत. बोटांना त्या लगेच सापडल्या.